आईच्या वाटणीचा प्रसाद

फलटणहून निघाले ती या पोराला पकडायचंच असं ठरवून. शाळेत हयात गेली माझी. परीक्षेच्या वर्गात कोणाची बाही जरा जास्त खाली आली की कॉपी कुठे आहे ते ओळखणारी मी बाई. एक हार्वेस्टरवाला मला काय फसवणार?

हार्वेस्टरवाला म्हणजे दविंदर, पंजाबातला. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, मुलगी अश्विनी याच्याशी लग्न करीन म्हणते. अण्णाचं गाव लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ तालुक्यात. तेच माझं माहेर. दरवर्षी हरभऱ्याच्या काढणीला पंजाबातून माणसं हार्वेस्टर (पीक कापून जागेवरच मळणी करणारं धूड) घेऊन मराठवाड्यात उतरतात, गावोगाव फिरतात आणि तिकडचा गहू पिकायच्या आत परत जातात. तसाच हा अण्णाच्या शेतात आला. दारावर ‘दंडवत प्रणाम’ लिहिलेलं पाहिलं आणि हात जोडून तेच म्हणाला. झालं! अण्णा विरघळला, आणि अण्णाच्या पाठीमागे उभी असलेली अश्विनीही, हे आम्हाला पुढच्या हंगामात कळलं.

आमचं घर महानुभाव पंथाचं. ‘दंडवत प्रणाम’ हा आमचा नमस्कार. एका परमेश्वराला सोडून आम्ही दुसऱ्या देवतेची पूजा करत नाही आणि दुसऱ्या देवतेचा प्रसाद तोंडात घालत नाही. पंजाबात हाच पंथ मानणारी घरं आहेत, तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणतात. आमच्या फलटणला यात्रेत ही मंडळी येतात, मराठी पोथी वाचतात. तेव्हा पंजाबी महानुभाव ही काही मला नवलाची गोष्ट नव्हती. पण यात्रेत येऊन जाणारा वेगळा आणि जावई होऊन घरात शिरणारा वेगळा. चार शब्द पाठ करून कोणीही पंथाचा होईल.

अण्णा फोनवर म्हणाला, “कुसुम, तू ये. पोराला बघ. तू हो म्हणलीस तर हो, न्हाई म्हणलीस तर न्हाई. माझं डोकं चालंना.” आणि अश्विनीने आधीच सांगून ठेवलं होतं, की बाबा नाही म्हणाले तर मी पळून जाणार नाही, पण मग दुसऱ्या कोणाशी लग्नही करणार नाही. म्हणजे पोरीचा सगळा संसार माझ्या एका शब्दावर येऊन बसला होता. मी पिशवी भरली.

चौकशीला जाणाऱ्या माणसाने आगाऊ कळवून जायचं नसतं, म्हणून येते आहे हे मी कोणालाच कळवलं नाही. सोलापुरात गाडी बदलली, लातूरला उतरले. लातूरच्या स्टँडवर पाठीला दप्तरं अडकवलेल्या ट्यूशनच्या पोरापोरींची हीऽ गर्दी. शेजारी बसलेला एक गृहस्थ ‘बाई, जरा पिशवी बघता का, पाणी पिऊन येतो’ म्हणाला. मी स्पष्ट नाही म्हटलं. आजकाल कोणाच्या पिशवीत काय असेल सांगता येतं का? बिचारा पिशवी घेऊनच पाणी प्यायला गेला.

शिरूरची गाडी लागली. “शिरूर?” मी विचारलं. “हाव, शिरूरच,” कंडक्टर म्हणाला. मी चढले, खिडकी धरली आणि डुलकी लागली. उतरले ते शिरूर ताजबंदला! अहमदपूरकडचं ते शिरूर वेगळं, आमचं अनंतपाळचं वेगळं. मी कंडक्टरवर उखडले तर तो शांतपणे म्हणाला, “कोन्तं शिरूर ते तुमी सांगितलंच न्हाई, बाई.” इतकी वर्षं अण्णा लातूरला न्यायला यायचा, म्हणून पाटी नीट वाचायची सवयच राहिली नव्हती. चहाच्या टपरीवरचा माणूस आणखी वर मीठ चोळायला, “तुमचं शिरूर लई लांब राह्यलं की.” शेवटी एका काळीपिवळीत दोन कोंबड्यांच्या शेजारी बसून, वाटेत पुन्हा एकदा गाडी बदलून, दिवेलागणीला माहेरी पोचले. अंग धुळीने भरलेलं, पाय सुजलेले.

“वन्सं, कळवायचं तरी!” वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. वहिनी निलंग्याकडच्या एका गावची, पार कर्नाटकाच्या कडेची. बोलणं कमी, काम दुप्पट. माझ्यापुढे ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आली. ठेचा असा, की माझ्या कानातून वाफ निघाली. अण्णा समोर बसून हसत होता. मग हसणं थांबवून म्हणाला, “कुसुम, फसायला नको गं.” मी म्हटलं, “मी आहे ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार) खाताखाता मी अश्विनीची उलटतपासणी घेतली. ती उदगीरच्या एका डाळमिलच्या ऑफिसात नोकरी करते. पोरगी हुशार, उत्तरं फटाफट. वडील काय करतात? शेती. भाऊ? ट्रक चालवतो. गावात आश्रम आहे का? आहे, पोरगा लहानपणापासून तिथे जातो, उपदेश (पंथाची दीक्षा) घेतलेला आहे. आणि आई?

“आई घरीच असते,” अश्विनी म्हणाली आणि बशी उचलून मोरीकडे गेली.

मला खटकलं. लग्नाला निघालेली मुलगी सासूबद्दल एवढंच बोलते? एक तर सासू खाष्ट असणार, नाहीतर काहीतरी पाणी मुरत असणार. मी तेवढं मनात टिपून ठेवलं.

दविंदरची मशीन तेव्हा नांदेड जिल्ह्यात, भोकरच्या बाजूला लागली होती. मी अश्विनीला घेऊन निघाले. आधी उदगीर. गाडी गावात शिरली की भाजलेल्या डाळीचा वास नाकात बसतो आणि स्टँडवर मराठी, कन्नड, तेलुगू अशी सगळी बोलणी एकदम कानावर येतात. तिथून मुखेडवरून नांदेड. वाटेत काळी रानं, कापलेल्या हरभऱ्याचे पिवळे पट्टे आणि बांधावर लालभडक फुललेले पळस. पळस बघून मन जरा सैल झालं होतं, तेवढ्यात अश्विनीचा फोन वाजला आणि ती तोंड खिडकीकडे करून कुजबुजायला लागली. मी डोळे मिटून कान उघडे ठेवले, पण एसटीच्या खडखडाटात काही ऐकू येईना.

नांदेडच्या स्टँडसमोर मी पावशेर पेढे घेतले. “कशाला, आत्या?” “भाचीच्या होणाऱ्या नवऱ्याकडे काय हात हलवत जाऊ?” मी म्हटलं. खरं कारण तिला सांगितलं नाही.

भोकरच्या पुढे एका शेतात मशीन चालू होती. भुशाचा असा लोट उठलेला, की माणूस दिसेना. ते धूड थांबलं आणि वरून एक उंच, दाढी वाढलेला, डोक्याला रुमाल बांधलेला पोरगा उतरला. तोंड धुतलं, रुमालाने पुसलं, आणि आमच्यासमोर येऊन वाकला. “दंडवत प्रणाम, आत्याजी.”

मराठी चांगलं बोलत होता, पण मोठं गमतीचं. अर्धं शेतात ऐकलेलं आणि अर्धं आश्रमात पाठ केलेलं. “ऊन लई हाय, आत्याजी, छायेत आसन घ्यावं,” असं एकाच वाक्यात. मी हसू दाबलं. बाभळीखाली बसलो. शेतमालकाच्या घरून ताक आलं. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग पुडा सोडला.

“घ्या. वाटेत देवीच्या देवळात थांबलो होतो, तिथला प्रसाद आहे.”

अश्विनीचे डोळे मोठे झाले. मी तिच्याकडे बघितलंच नाही. दविंदरने पुढे केलेला हात मागे घेतला आणि दोन्ही हात जोडले.

“माफी असावी, आत्याजी. अन्य देवतेचा प्रसाद आम्ही घेत न्हाई.” मग खरंच गोंधळून त्याने विचारलं, “पण आत्याजी, तुमी कसा घेतला?”

मी पुडा पुन्हा बांधायला लागले. “अगं आत्या!” म्हणत अश्विनी पोट धरून हसायला लागली, तेव्हा मी कबूल केलं की पेढे स्टँडसमोरचे आहेत. मग त्याने एकाला दोन खाल्ले आणि उरलेले मळणीवरच्या माणसांना वाटले.

चला, परीक्षेत पास. पण माझा जीव काही भांड्यात पडला नाही. उत्तर बरोबर आलं म्हणजे अभ्यास केलाय असं थोडंच असतं? आत्या अशी परीक्षा घेणार हे अश्विनीने फोनवर सांगून ठेवलं असेल. निघताना तो म्हणाला, “उद्या मी बी नांदेडला येऊन राहिलो. मशीनचा पट्टा तुटायला आला, नवा आणायचा हाय.” बोलताना त्याने अश्विनीकडे बघितलं आणि अश्विनीने जमिनीकडे. हे बघणंही मी टिपलं.

मुक्काम नांदेडला, अश्विनीच्या मैत्रिणीकडे. सकाळी मी म्हटलं, नांदेडला आलेच आहे तर गुरुद्वारा बघून घेते. देशभरातून माणसं येतात, आपण इतक्या जवळ येऊन न बघता जायचं? तशी अश्विनी गडबडली. “आत्या, त्यापेक्षा गोदावरीचा घाट बघू ना. तिथं गर्दी असते, रांग असते. तुझे पाय सुजलेत.” माझ्या पायांची एवढी काळजी तिला उदगीरच्या गाडीत उभं राहावं लागलं तेव्हा नव्हती. मी म्हटलं, “तू घाट बघ. मी गुरुद्वारा बघते.” मग ती मुकाट्याने मागे आली.

पाय धुऊन, पदर डोक्यावरून घेऊन आत गेलो. पांढरंशुभ्र, लखलखीत आवार. संगमरवरावर पाय टेकले आणि सुजलेल्या पायांना थंडगार वाटलं. कीर्तन चालू होतं. शब्द कळत नव्हते, पण चाल ऐकून माझ्यासारखी बडबडी बाईसुद्धा गप्प झाली. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. रांग हळूहळू पुढे सरकत होती. मी बघायला आले होते, बघत होते.

आणि मला तो दिसला.

रांगेत आमच्या बराच पुढे. केशरी रुमाल बांधलेला, धुतलेला सदरा घातलेला. पुढे गेला, गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. उठला, बाजूला आला, दोन्ही हातांची ओंजळ केली, तिच्यात कडाह प्रसाद (तुपातला कणकेचा शिरा) घेतला, आणि डोळे मिटून खाल्ला. तळहातालासुद्धा काही राहू दिलं नाही.

काल माझ्या हातचा पेढा नाकारणारा तो हाच!

पकडला, मी मनात म्हटलं. आनंद व्हायला हवा होता. इतक्या लांब त्यासाठीच तर आले होते. पण झाला नाही. मागे वळून बघितलं तर अश्विनी रडत होती. तिला नवल वाटलेलं नव्हतं, ती घाबरलेली होती. तिला हे ठाऊक होतं.

बाहेर येऊन आवाराच्या भिंतीशी सावलीत दोघांना उभं केलं. “काय हो, देवीचा प्रसाद चालत नाही आणि हा चालतो? की काल मी बघत होते म्हणून नाही, आणि आज कोणी बघत नाही म्हणून चालतो?”

दविंदर एकदम पांढरा पडला. पण खाली बघितलं नाही.

“माझी बीजी (आई) शीख हाय, आत्याजी. बाऊजी (वडील) जयकृष्णी. घरात दोन्ही हाय. बाऊजींनी कधी हा प्रसाद घेतला न्हाई, बीजीनं कधी आग्रह केला न्हाई. बीजीला नांदेडला यायचं लई मन हाय, पण गुडघे गेले. मी पहिल्यांदा मशीन घेऊन इकडं निघालो तवा ती म्हणली, तू तिथं डोकं टेकव, प्रसाद घे, तुझ्या तोंडात गेला की माझ्या तोंडात गेला. मी आईच्या वाटणीचा घेतो.”

“आणि माझा पेढा?”

“देवीचा पेढा काय माझ्या बीजीनं मागितला न्हवता.”

मी मोर्चा भाचीकडे वळवला. “तुला माहीत होतं?”

“हो,” अश्विनी म्हणाली. “तो पहिल्या दिवसापासून बाबांना सांगू म्हणतोय. मीच शपथ घातली. आत्या, बाबा दुसऱ्यांच्या लग्नात पंगतीला बसायच्या आधी स्वयंपाक कुठल्या देवाला दाखवला ते विचारतात. त्यांना हे कळलं की संपलं.”

म्हणजे बघा! लपवालपवी करणारं माणूस मी पंजाबात शोधत होते, आणि ते निघालं आमच्याच घरात. मी तिथल्या कट्ट्यावर बसले. पोरीचा राग आला आणि पोरीची दयाही आली. रडून रडून नाक लाल झालं होतं तिचं.

मग मी मला न शोभणारी गोष्ट केली. आयुष्यभर कॉप्या पकडणाऱ्या बाईने स्वतःच कॉपी पुरवली. म्हटलं, “हे बघा, मी काही बघितलं नाही. तुम्ही पट्टा आणायला आला होतात, पट्टा घेऊन गेलात. मी अण्णाला पोरगा चांगला आहे म्हणून सांगते. पुढचं पुढे.”

अश्विनीने माझा हात घट्ट धरला. दविंदर मात्र मान हलवत राहिला.

“न्हाई, आत्याजी. लग्नानंतर बी मी दरसाल नांदेडला येणार. मग दरसाल खोटं बोलू का? मी आजच येतो तुमच्यासंगं. अश्विनीच्या बाबांना मीच सांगतो.”

“आणि ते नाही म्हणाले तर?” अश्विनी ओरडलीच.

त्याने खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला. मला वाटलं, हा एवढा खरेपणा तरी खरा असेल का? माझं मन असं आहे. पण एक मान्य करायला हवं, ज्याला फसवायचं असतं तो आयती मिळालेली थाप परत करत नाही.

लोहा, अहमदपूर करत तिघं परत निघालो. वाटेत अहमदपूरच्या अलीकडे गाडीचं चाक पंक्चर झालं. सगळे उतारू खाली उतरून सावली शोधत होते. दविंदर ड्रायव्हरच्या मदतीला गेला आणि काळेकुट्ट हात घेऊन परत आला. एक म्हातारा मला म्हणाला, “तुमचा जावई का? लई कामाचा हाय.” मी म्हटलं, “अजून ठरायचंय.” अश्विनी दूर लिंबाखाली एकटी बसली होती. घरून आणलेल्या धपाट्यांचा पुडा कोणी उघडलाच नाही.

संध्याकाळी अण्णाच्या घरासमोरच्या पत्र्याखाली आम्ही बसलो. दविंदरला आलेला पाहून अण्णा खूश झाला. माझा होकारच मी सोबत आणला असं त्याला वाटलं. वहिनीने चहा आणून ठेवला. दविंदरने कप हातात घेतला नाही. आधी बोलला. बीजी, बाऊजी, गुडघे, ओंजळ, सगळं. काही गाळलं नाही. अश्विनीने लपवायला सांगितलं होतं, एवढं मात्र गाळलं. ते अश्विनीने स्वतः सांगितलं.

अण्णाचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

“म्हंजे तुमी आमच्यातले न्हाईत.”

“हाय, मामाजी. उपदेश घेतलेला हाय. नामस्मरण कधी चुकलं न्हाई.”

“मंग त्यो प्रसाद?”

“तो बीजीचा.”

“असं अर्धं हिकडं, अर्धं तिकडं चालत न्हाई,” अण्णा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “हिला बघा.” त्याने वहिनीकडे बोट केलं. “ही देवीवाल्यांच्या घरची. हिच्या माहेरी दारातच देवीचं देऊळ. लग्न होऊन आली, उपदेश घेतला, सगळं सोडलं. कधी तरी मागं वळून बघितलं का हिनं?”

“बघितलं,” वहिनी म्हणाली.

चहाच्या पातेल्याला लावलेली सांडशी तशीच हातात धरून ती उंबऱ्यात उभी होती. अण्णाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “काय?”

“बघितलं म्हणलं.” वहिनीने सांडशी खाली ठेवली. “माझी अव्वा (आई) दर नवरात्रात भावाच्या हातून प्रसाद धाडायची. सासूबाई म्हणायच्या, गाईला घाल. मी घालायची. मग एका साली भावाला सवड न्हवती. तर अव्वा सोता आली. पदरात बांधून आणला हुता, सासूबाई घरात न्हाईत बघून मला म्हणली, घे गं, एक खडा घे नुसता. मी हात म्हागं घेतला. म्हणलं, गाईला घाल. तर तिनं सोताच्या हातानं गाईम्होरं ठिवला आन् आल्या पावली गेली. चहा सुदीक न्हाई घेतला.” वहिनी थांबली. “फुडल्या नवरात्राला ती न्हवती.”



“मी पंथ सोडला न्हाई, सोडायची बी न्हाई,” वहिनी अण्णाकडे बघून म्हणाली. “पर ह्या पोरानं आईम्होरं हात म्हागं घेतला न्हाई. मी घेतला. आता तुमीच सांगा, ह्याला घरात घ्यायचं का न्हाई.”

इतकी वाक्यं एका दमात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. अण्णा उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. अश्विनी आईला बिलगली. मला रडू आवरेना, चष्मा काढून पुसत बसले. त्या रात्री घरात सगळे जेवले. दविंदर अंगणात बाजेवर झोपला.

सकाळी अण्णा आंघोळ, देवपूजा आटपून बाहेर आला. डोळे सुजलेले होते. दविंदर विहिरीच्या मोटारीच्या पाण्याने तोंड धूत होता. अण्णा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

“तुमच्या आईला रेल्वेचा परवास झेपंल का?”

“न्हाई, मामाजी. घरातल्या घरात चालणं बी कठीण हाय.”

अण्णाने खांद्यावरचा पंचा त्याच्यापुढे धरला. “मंग आमालाच यावं लागंल. मुलीकडच्यांनी जायचं असतंय बी,” तो म्हणाला. आणि पुढे जरा दटावून, “तिथं मला प्रसादाचा आग्रह नगं हां.”

“न्हाई करणार,” दविंदर म्हणाला. तो हसला की रडला ते मला नीट दिसलं नाही, तोंडावर पाणी होतं. अश्विनी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती, तिच्या हातातली परात खणकन खाली पडली.

माझं काम संपलं होतं. अण्णाने माझा हो-नाही विचारलासुद्धा नाही. दुपारच्या गाडीने निघायचं म्हणून रिक्षा बोलावली, तर वहिनीही आवरून तयार. ठेवणीतलं लुगडं, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, मला पोचवायला येतेय. अण्णाही बरोबर आला. स्टँडवर मी या वेळी पाटी दोनदा वाचली, तरी कंडक्टरला विचारलं, आणि वर शेजारच्या बाईला विचारून खात्री केली. माझी गाडी लागायची होती. तेवढ्यात निलंग्याची गाडी आली आणि अण्णा वहिनीची पिशवी घेऊन पुढे झाला.

“कुठं निघालीस?” मी विचारलं.

“माहेरला.”

“आत्ता? सण नाही, वार नाही?”

“देवी काय नवरात्रातच असती व्हय, वन्सं?” वहिनी म्हणाली आणि पदर खोचून गाडीत चढली. अण्णाने खिडकीतून पिशवी आत दिली. “पाणी घेतलंस का?” एवढंच त्याने विचारलं. गाडी हलली, वळली, धुरळा खाली बसला तरी तो तिथेच उभा होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही, आणि आजही कळलेलं नाही.

फलटणला येऊन आता बरेच दिवस झाले. लग्नाची तयारी चालू आहे. अण्णा आणि वहिनी पंजाबला जाऊन आले. फोनवर वहिनी सगळं सांगते. बीजींनी कशा लस्सीच्या पेल्यामागून पेले पाजले, भाषा येत नसताना दोघी दिवसभर काय काय बोलल्या, अण्णाला पराठे कसे पचले नाहीत. मी खोदून खोदून विचारते आणि ती सांगते. शेजारच्या घरात आज कुकरच्या शिट्ट्या जास्त का झाल्या, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण त्या दिवशी माहेरच्या देवळात जाऊन तिने प्रसाद हातात घेतला की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही.